तीन मुलांसाठी तीन पाठ काढू नका

प्रश्न थोडक्यात असा. पाचवीचा वर्ग, 38 मुलं. त्यात एका मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. एक मुलगी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. एक मुलगा तोंडी हुशार, पण वाचायला उभा केला की अक्षराअक्षराला अडतो. त्याला अध्ययन अक्षमता असल्याचा अहवाल आला आहे. वर्गशिक्षिका विचारतात : ‘मी एकटी आहे. या तिघांची वेगळी तयारी करत बसले तर बाकीच्या 35 जणांचं काय? त्यांचे पालक आतापासूनच विचारायला लागलेत. शाळा एक मदतनीस देऊ म्हणते, तिला कुठलं काम द्यावं तेही कळत नाही. त्यापेक्षा ही मुलं वेगळ्या वर्गात नीट शिकली नसती का?’

मी विशेष शिक्षक आहे आणि बरीच वर्षं नेहमीच्या शाळांमधूनच काम केलंय. हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि त्यातला त्रागा खोटा नसतो. पण बहुतेक वेळा त्याची मांडणीच उलटी झालेली असते. मुलं तीन म्हणून पाठही तीन, असा हिशेब करून रात्री बसलात तर पंधरवड्यात थकाल, आणि थकल्यावर पहिलं काय सुटेल तर या तिघांचं शिक्षण. म्हणून आधी मुलांना बाजूला ठेवू आणि तुमचा पाठ समोर घेऊ.

समजा उद्या बाष्पीभवन शिकवायचंय. साधारणपणे तास कसा जातो? मुलं आळीपाळीनं धडा मोठ्यानं वाचतात, तुम्ही मध्ये मध्ये समजावता, मग फळ्यावर प्रश्न आणि त्याची उत्तरं, मुलं वहीत उतरवतात. आता स्वतःला विचारा, या तासात विज्ञान किती होतं आणि वाचन-लेखन किती? अडखळत वाचणाऱ्या मुलाला बाष्पीभवन अवघड गेलंच नाही, त्याला परिच्छेद अवघड गेला. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीला मागच्या बाकावरून वाचणाऱ्यांचा आवाज पोचला नाही, आणि तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोललात तेही गेलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला कुणीतरी रंगवायला चित्र दिलं. तिघांच्या अडचणी वेगवेगळ्या दिसतात, पण तिघांनाही अडवलं ते तासाच्या ठरीव साच्यानं.

तास संपताना मुलांना नेमकं काय यायला हवं, ते एका वाक्यात लिहून काढा. ‘धडा पूर्ण होणे’ हे उत्तर चालणार नाही. इथे ते असं असेल : पाणी उकळलं नाही तरी वाफ होऊन हवेत जातं, आणि ऊन, वारा, पसरट जागा मिळाली की लवकर जातं, हे कारणासकट सांगता येणं. बघा, या वाक्यात वाचन नाही आणि लेखनही नाही. म्हणजे तिथे पोचायचे रस्ते मोकळे आहेत.

मग तास असा करता येतो. सारखे दोन रुमाल भिजवून सारखेच पिळा. एक खिडकीशी पसरून टाका, दुसरा चार घड्या घालून बशीत ठेवा. कुठला आधी वाळेल आणि का, हे मुलांना आधी विचारा. आणि विचारल्यावर थांबा. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, असं मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं. तेच थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं, तर उत्तरं लांब येतात, सकारण येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंदांना काही खर्च नाही, पण सवय नसेल तर ते फार लांब वाटतात. मनात आकडे मोजा, चालेल.

धडा वाचायचा तो यानंतर, मुलांना काय शोधायचंय ते कळल्यावर. उत्तर कसं द्यायचं यात निवड ठेवा : चार ओळी लिहा, किंवा बाण आणि शब्द घालून आकृती काढा, किंवा मला येऊन तोंडी सांगा. ही मुभा सगळ्यांना, तिघांनाच नव्हे. मग ‘त्याला का, मला का नाही’ हा प्रश्न येत नाही, आणि ज्यांची कसलीही नोंद नाही अशी चार-पाच मुलंही आकृतीकडे वळताना दिसतील. त्यांच्याकडे नीट बघा. लिहिण्याची अडचण लपवून बसलेली मुलं त्यातच असतात. ब्रिटनमध्ये मेरी वॉरनॉक यांच्या समितीनं 1978 साली मांडलं होतं की शालेय वयात कधी ना कधी वेगळ्या मदतीची गरज पडणारी मुलं साधारण पाचात एक असतात. तुमच्या वर्गात तिघांचे अहवाल आले आहेत. गरज असलेली मुलं तीनच आहेत असं मात्र धरून चालू नका.

या पद्धतीला अध्ययनाची सार्वत्रिक रचना म्हणतात. कल्पना मुळात वास्तुशास्त्रातली : इमारत बांधून झाल्यावर मागाहून चाकाच्या खुर्चीसाठी उतार जोडण्याऐवजी नकाशातच तो काढायचा. अमेरिकेत 1984 साली सुरू झालेल्या ‘कास्ट’ या संस्थेनं ती शिकवण्यात आणली. मुलांपर्यंत माहिती पोचवण्याचे, मुलांनी आपलं आकलन दाखवण्याचे आणि त्यांचं मन विषयात गुंतवण्याचे एकापेक्षा जास्त मार्ग आधीपासूनच ठेवायचे, एवढं त्याचं सार. त्याचे मोठाले तक्ते मिळतात. ते भरत बसू नका, वेळ जातो.

आता एकेका मुलाकडे येऊ.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचं ध्येय त्याच विषयात, पण वेगळ्या उंचीवर ठेवा. ओलं आणि कोरडं हाताला कळून शब्दात सांगणं, तीन चित्रं क्रमानं लावणं, ‘पाणी हवेत गेलं’ हे वाक्य स्वतःहून म्हणणं. त्याला या तासात खरं काम द्या : दर काही मिनिटांनी दोन्ही रुमालांना हात लावून बघायचं आणि वर्गाला सांगायचं. त्याच्या त्या सांगण्यावरच बाकीच्यांनी आपला तक्ता भरायचा. म्हणजे वर्गाला त्याची गरज पडते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण अशा मुलांना वर्गात बसवण्यात, सांभाळण्यात, टाळ्या वाजवण्यात कसूर होत नाही, पण त्यांच्यावाचून काही अडतंय असं कधीच होत नाही. सूचना एका वेळी एक, थोडक्या शब्दांत, आणि रोज त्याच शब्दांत. ‘वही काढ, तारीख घाल आणि कालचं पान उघड’ या तीन सूचना आहेत. सराव एकाच दिवशी वीस वेळा करून घेण्यापेक्षा आठवडाभर रोज थोडा थोडा बरा टिकतो. आणि बालवाडीची चित्रं त्याच्यापुढे ठेवू नका. तो दहा वर्षांचा मुलगा आहे. सोपं करताना वय उतरवायचं नसतं.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा, की यंत्र लावलं म्हणजे ऐकू आलं. चष्म्यानं जसं स्वच्छ दिसतं तसं यंत्रानं स्वच्छ ऐकू येत नाही. यंत्र आवाज मोठा करतं, त्यात पंख्याचा, बाक सरकवल्याचा, बाहेरच्या रहदारीचाही आवाज मोठा होतो. अंतराचा परिणाम तर फारच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सहा डेसिबलनं उतरते. खोलीत भिंतींवरून आवाज परतत असल्यामुळे तितकी उतरत नाही, पण परतलेला तो आवाज बोलणं आणखी गढूळ करतो. म्हणून तिची जागा तुमच्या जवळ, पंख्यापासून आणि दारापासून लांब. अगदी पहिल्या बाकावर कोपऱ्यात बसवली तर तिला मागे बोलणाऱ्या मुलांचे चेहरे दिसत नाहीत, तेव्हा थोडी बाजूला, मान वळवली की वर्ग दिसेल अशी बसवा. कुणी मागून उत्तर दिलं तर तुम्ही ते पुन्हा म्हणा. तुमच्या गळ्यातल्या माइकवरून थेट तिच्या यंत्रात आवाज पोचवणारं उपकरण मिळतं. शाळेकडे मागायच्या गोष्टींत ते पहिलं लिहा.

‘ती ओठांवरून ओळखते’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. ओळखते, पण किती? आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ म्हणून बघा. तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशाकडेच होतात, बाहेर काहीच दिसत नाही. उरलेलं ती संदर्भावरून जोडून घेते, आणि म्हणूनच चौथ्या तासापर्यंत दमून जाते. नव्या पाठातले अवघड शब्द आदल्या दिवशी तिला लिहून दिलेत तर जोडायला आधार मिळतो. ओरडून बोलू नका, त्यानं ओठ वेडेवाकडे होतात. आणि ‘समजलं का?’ असं कधीच विचारू नका. उत्तर ‘हो’ असंच येतं, सगळ्यांकडून येतं. ‘घडी घातलेला रुमाल का ओला राहिला?’ असं विचारा, म्हणजे काय पोचलं ते कळेल.

तिसऱ्या मुलाला अचानक उभं करून मोठ्यानं वाचायला लावणं आजपासून बंद करा. हा एकच बदल करायचा असेल तर हाच करा. त्यानं वाचावं असं वाटत असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी द्या, दोन-तीन ओळींचाच. आपल्या लिपीत त्याला नेमकं काय छळतं तेही बघा : ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते पण उच्चारात नंतर येते, ‘सूर्य’ आणि ‘चक्र’ यांत तोच र दोन रूपं घेतो, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात एका वळणाचा किंवा तुटक रेघेचा फरक. त्याची दहा वाक्यं तपासलीत तर चुका कुठे साचतात ते लगेच दिसेल. विज्ञानाच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नका. तिथे आपण विज्ञान तपासतोय.

पण इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. लेखनिक दिला, जादा वेळ दिला, प्रश्न वाचून दाखवले, आणि आता याचं वाचन सोडून दिलं, असं घरोघरी आणि शाळोशाळी होतं. या सोयींनी त्याला आज विज्ञान शिकता येतं. वाचायला त्या शिकवत नाहीत. ध्वनी आणि अक्षर यांची जोडी, मग मात्रा, मग जोडाक्षरं, असं ठरलेल्या क्रमानं रोज थोडा वेळ शिकवणं वेगळं चालूच राहायला हवं, आणि ते विशेष शिक्षकाकडून करून घ्या.

यातूनच मूल्यमापनाचं येतं. तिथे गोंधळ सगळ्यात जास्त असतो म्हणून सोडवून सांगतो. एका प्रकारच्या मदतीत अपेक्षा तीच राहते, रस्ता बदलतो : जादा वेळ, मोठी अक्षरं, ब्रेल, वाचून दाखवणं, तोंडी उत्तर. दुसऱ्या प्रकारात अपेक्षाच बदलते : बाकीचे कारण सांगतात, हा चित्रं लावतो. तुमच्या वर्गात मुलगी आणि अडखळत वाचणारा मुलगा पहिल्या प्रकारात येतात, त्यांच्याकडून पाचवीचं विज्ञान पूर्ण मागायचं, एक इंचही कमी नाही. दयेपोटी त्यांना सोपे प्रश्न देणं हा मला अन्याय वाटतो. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा दुसऱ्या प्रकारात, आणि काही विषयांत कदाचित पहिल्यातही; प्रत्येक विषयात वेगळं तपासा. अपेक्षा बदलली असेल तर ती वैयक्तिक शिक्षण आराखड्यात लिहिलेली हवी आणि पालकांना स्पष्ट माहीत हवी. वर्षभर ‘छान चाललंय’ ऐकून शेवटी आपलं मूल वेगळंच काही शिकत होतं हे ज्यांना कळतं, त्या पालकांचा शाळेवर पुन्हा विश्वास बसत नाही. एक अपवाद : तपासायचं आहे ते वाचनच असेल, तर उतारा वाचून दाखवता येणार नाही. त्या दिवशी फक्त वेळ द्या.

मदतनीस बाईंबद्दल. सर्वसाधारण समज असा की त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या शेजारी बसावं. कृपा करून तसं करू नका. मायकेल जियांग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली अमेरिकेतल्या वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं की मोठं माणूस सतत चिकटून बसलं, तर मूल त्याच्यावर अवलंबून राहतं, वर्गमित्रांपासून तुटतं, आणि शिक्षकाला ते आपलं विद्यार्थी वाटेनासं होतं. पुढे इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात तर असं दिसलं की ज्यांना अशी मदत सर्वांत जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. मुलांची आधीची पातळी आणि गरज लक्षात घेऊनही. कारण उघड आहे. मदतनीस काम पुरं करून घेतात, कधी स्वतःच करून टाकतात, आणि ज्या मुलाला शिकवायला सगळ्यात जास्त कसब लागतं त्याला सगळ्यात कमी प्रशिक्षण असलेल्या माणसाच्या हवाली केलं जातं. तेव्हा त्या बाईंना पूर्ण वर्गावर नजर ठेवायला सांगा आणि त्या मुलाच्या गटाजवळ तुम्ही स्वतः दहा मिनिटं बसा. शौचालयाला नेणं, बूट घालणं अशी प्रत्यक्ष मदत लागत असेल तर ती त्यांनी जरूर करावी. वर्गात मात्र उत्तर देण्याआधी मुलाला वेळ द्यायचा, त्याचा हात धरून लिहायचं नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

मुलांच्या आपसातल्या मदतीलाही हेच लागू. एकाच ‘समजूतदार’ मुलीला कायम त्याच्या शेजारी बसवून तिला छोटी बाई करू नका. जोड्या बदलत्या ठेवा आणि त्यालाही दुसऱ्याला काहीतरी देता आलं पाहिजे. मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर असतो ते एकदा लांबून बघा. वर्गात सामील आणि सुट्टीत एकटा, असं चित्र दिसलं तर ते अभ्यासाच्या अडचणीइतक्याच गांभीर्यानं घ्या. मुलं विचारतील, ‘तो असा का बोलतो?’ सरळ उत्तर द्या, ‘त्याला शब्द शोधायला वेळ लागतो, थांबलात की सांगतो.’ दबक्या आवाजात गप्प केलंत तर मुलं त्यातून भलताच धडा घेतात.

35 जणांच्या पालकांना काय सांगायचं? या प्रश्नावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत आणि एकूण निष्कर्ष असा, की अशा वर्गांत इतर मुलांच्या शिक्षणावर सहसा वाईट परिणाम दिसत नाही. काही ठिकाणी फायदाच दिसतो. ‘सहसा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरलाय. एखादं मूल वारंवार आक्रमक होत असेल आणि शिक्षकाला कसलाच आधार नसेल, तर वर्ग विस्कटतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा वेळी मागणी आधाराची करायची. पालकसभेत मात्र तत्त्वज्ञान सांगू नका. रुमालांचा प्रयोग आणि मुलांच्या वह्या दाखवा, त्याचा परिणाम जास्त होतो.

राहता राहिला वेगळ्या वर्गाचा प्रश्न. 1994 साली स्पेनमधल्या सालामांका इथे 92 देशांच्या सरकारांनी मान्य केलं की सर्व मुलांना नेहमीच्या शाळांनी सामावून घ्यावं. 2006 साली संयुक्त राष्ट्रसंघानं स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराच्या कलम 24 नं त्याला हक्काचं रूप दिलं. त्या कलमावरचं 2016चं अधिकृत भाष्य जास्त उपयोगी आहे. ते म्हणतं, मुलाला बाहेर ठेवणं वेगळं, निराळ्या जागी शिकवणं वेगळं, आणि आहे त्या वर्गात काहीही न बदलता आणून बसवणं हेही वेगळं. समावेशन म्हणायचं तर शाळेनं बदलायला हवं. तुमच्या वर्गात आज बहुधा तिसरी स्थिती आहे. आणि त्या स्थितीची तुलना उत्तम चालणाऱ्या विशेष वर्गाशी केली तर विशेष वर्ग चांगला वाटणारच.

मी स्वतः कट्टर नाही. ब्रेल शिकायला, वाचनाच्या सरावाला, वाचा-उपचाराला मूल रोज थोडा वेळ वर्गाबाहेर गेलं तर बिघडत नाही, फक्त त्याचा आवडता खेळाचा किंवा चित्रकलेचा तास त्यात जाऊ नये. आणि पूर्ण बहिऱ्या, खुणांची भाषा बोलणाऱ्या मुलाचं प्रकरण मला निराळं वाटतं. 1880 साली मिलान इथल्या परिषदेत ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी ठराव करून खुणांची भाषा शाळांमधून बाद केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या बहिरी मुलं भाषेविना वर्गात बसून राहिली. तशी भाषा बोलणारं दुसरं कुणीच नाही, दुभाषाही नाही, अशा वर्गात त्या मुलाला एकटं बसवणं म्हणजे तीच कथा पुन्हा सुरू करणं. कलम 24 मध्येही खुणांच्या भाषेतून शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमची विद्यार्थिनी बोलून संवाद साधते आणि यंत्राचा तिला फायदा होतो, त्यामुळे तिची जागा तुमच्याच वर्गात आहे.

आता तुमच्या तक्रारीतला खरा भाग. 38 मुलं आणि एकटी शिक्षिका हे गणित अवघड आहे. इटलीनं 1977 साली विशेष वर्ग बंद केले तेव्हा दिव्यांग मूल असलेल्या वर्गाला 20 मुलांची मर्यादा घातली आणि साहाय्यक शिक्षक दिले. म्हणजे हे फुकटात होत नाही याची त्यांना जाणीव होती. तुम्ही मुख्याध्यापकांकडे लेखी मागा : विशेष शिक्षकाबरोबर आठवड्यातून एक तास नियोजनासाठी, मुलीसाठी माइकचं उपकरण, आणि मदतनीस बाईंसाठी थोडं प्रशिक्षण. तोंडी मागण्या विरून जातात.

विशेष शिक्षक भेटले की अहवालाची प्रत मागून थांबू नका, अहवालात गुण असतात आणि निदान असतं. त्यांना विचारा : हा मुलगा आत्ता स्वतःहून काय करतो? तो अडला की त्याला मी पहिली मदत कोणती द्यावी? सहा आठवड्यांनी काय बदललेलं दिसावं? तिन्ही मुलांबद्दल हेच विचारा, उत्तरं प्रत्येकी अर्ध्या पानात मावली पाहिजेत आणि ती पानं तुमच्या टाचणवहीत असली पाहिजेत. कपाटातल्या फायलीत नकोत. आणि सगळे विषय एकदम बदलायला जाऊ नका. पुढचा महिना फक्त विज्ञानाचे तास या पद्धतीनं घ्या.